कॅमेऱ्याआधी माइक: ग्रंथालयातील एक प्रशिक्षणवर्ग

सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने वाचकांसाठी ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओनिर्मितीचा जो वर्ग सुरू केला आहे, त्यात कॅमेऱ्याआधी माइक हाती दिला जातो. हा क्रम मला पटला. चित्र जरासे हलले तरी प्रेक्षक चालवून घेतो; शब्द कळेनासे झाले की तो थांबत नाही.

पहिल्या सत्रात हेडफोन लावून रिकामी खोली ऐकायची असते. पंख्याची घरघर एकदा लक्षात आली की मुलाखतीपूर्वी तो बंद का करायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. (मे महिन्यात हा सल्ला पाळायचा तर पाहुण्याला सकाळी लवकरच बोलवावे लागेल.) कॉलर माइक हनुवटीच्या वीतभर खाली लावावा, मुद्रण ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेऊन) करावे, आवाजाची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावीत, कारण शून्य ही मुद्रणाची कमाल मर्यादा असून तिच्या वर फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही, हे सारे प्रत्यक्ष करून घेतले जाते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करण्याची मात्रा वाढवली, तेव्हा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू आला आणि वर्गात हशा पिकला.

सर्वांत उपयुक्त ठरला तो शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यातला सराव. विणकराची मुलाखत माग बंद असताना घ्यायची, मागाची खडखड स्वतंत्रपणे मुद्रित करायची आणि संकलनात ती बोलण्याखाली मंद ठेवायची, ही पद्धत तिथे उमगली. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवल्यास चित्र लुकलुकत नाही, हेही तिथेच दिसले.

हक्कांविषयीचे सत्र ग्रंथपाल मॅडमनी घेतले आणि ते त्यांच्याच अधिकाराचे होते. गाण्याची रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यावरील हक्क टिकतो. तेव्हा ‘जुने आहे, वापरू या’ हा युक्तिवाद चालत नाही.

संकलन मात्र उरकले गेले. दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती चांगली असली तरी ती जुन्या संगणकांवर रखडते, आणि अशा वेळी चित्रफितींच्या कमी आकाराच्या, हलक्या प्रतींवर काम कसे करावे, हे कोणी सांगितले नाही. देवनागरी उपशीर्षकांतील जोडाक्षरे तुटली, तर त्यावरही उत्तर मिळाले नाही. दुसरी अडचण कॅमेरा, माइक अशा साहित्याची: ग्रंथालय बंद होण्यापूर्वी ते परत करावे लागते. त्यामुळे जानेवारीतील गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत, होम मैदानावर सायंकाळनंतर जी खरी गर्दी आणि गजबज असते, ती टिपणे शक्यच नाही. अनामत घेऊन एक रात्र साहित्य देण्यास हरकत नसावी.

शोधप्रबंधासाठी मुलाखती घेणाऱ्यांनी नाव जरूर नोंदवावे. लग्नाचे व्हिडिओ करू पाहणाऱ्यांचे येथे समाधान होणार नाही. हेडफोन मात्र स्वतःचा न्यावा, तिथल्या हेडफोनच्या कानांवरच्या गाद्या झिजल्या आहेत.