लुआंटी वर्गात: घनफळ पक्कं, वेलांटी कच्ची

आठवीच्या काही वह्यांत 'लीटर' असं दीर्घ दिसलं, म्हणून लिहायला बसले. त्याचं मूळ आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे.

लुआंटी हा ठोकळे रचून आपलं जग उभं करायचा कॉम्प्युटर खेळ, म्हणजे आधीचं माइनटेस्ट. नाव ऑक्टोबर 2024 मध्ये बदललं. माइनक्राफ्ट या अशाच प्रसिद्ध खेळाची शाळेसाठीची आवृत्ती घ्यायची तर प्रत्येक खात्यामागे दरवर्षी पैसे, वर मायक्रोसॉफ्टचं लॉगिन. आमच्याकडे बिघडलेला माउस बदलायलाही महिने जातात. लुआंटी फुकट आहे आणि जुन्या मशिनवर चालतं. माझ्या मशिनवर सर्व्हर सुरू केला की लॅनवरून, म्हणजे लॅबच्या आतल्या जोडणीवरून, सगळी मुलं एकाच जगात येतात. इंटरनेट गेलं तरी तास बुडत नाही.

गणितासाठी याला तोड नाही. ठोकळ्याची कड 1 मीटर, म्हणजे ठोकळा 1 घनमीटर, म्हणजे 1000 लिटर पाणी. गच्चीवरची 5000 लिटरची टाकी पाच ठोकळ्यांएवढीच, यावर मुलांचा विश्वास बसेना. 2 मीटर कडेच्या घनाला 8 ठोकळे लागतात आणि बाहेरून 24 चौरस दिसतात. कड 4 केली की ठोकळे 64, पण चौरस 96च. मी प्रत्येकाला 99 ठोकळ्यांचा एकच गठ्ठा देते. कड 5 करायला गेलं की 125 लागतात, गठ्ठा संपतो, आणि मग घनफळ किती झपाट्याने वाढतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता वेलांटी. खेळातल्या पाट्यांवर मराठी यावी म्हणून सेटिंगमध्ये मुक्ता फॉन्ट दिला. अक्षरं आली, पण या खेळाचं इंजिन देवनागरीची जुळणीच करत नाही, म्हणजे अक्षरं आणि मात्रा जागच्या जागी बसवत नाही. पहिली वेलांटी आपल्या अक्षराआधी न येता पुढच्यावर जाऊन बसते. 'लिटर'चं 'लटिर', 'गणित'चं 'गणति'. जोडाक्षरांचे पाय मोडलेले. मुलांनी उपाय शोधला: 'लीटर' लिहिलं की पाटी नीट दिसते! तेच वहीत उतरलं. ऱ्हस्व-दीर्घासाठी पाचवीपासून मुलांच्या मागे लागायचं आणि ते असं पुसलं जायचं, याचा मला फार त्रास झाला. दिवाळीपर्यंत मी पाट्या बंदच ठेवल्या होत्या.

नंतर शब्दांची चित्रं करून ती ठोकळ्यांवर चढवली. त्यासाठी लुआ या प्रोग्रामिंग भाषेतला छोटा मॉड, म्हणजे खेळात भर घालणारा कोड, पुरतो. दिसतात सुरेख. त्यामुळे माझा राग बराच निवळला. पण मुलाला खेळातल्या स्वतःच्या विहिरीवर स्वतः नाव लिहिता येत नाही, ही उणीव राहतेच. देवनागरीची जुळणी आली तर मी याला पैकीच्या पैकी गुण देईन.

पुढच्या वर्षीही हेच वापरणार आहे. सुरू करणाऱ्यांनी रोलबॅकची नोंद पहिल्या दिवशीच चालू करावी. कुणाची भिंत कुणी फोडली ते त्यात कळतं आणि ती परतही आणता येते, पण मोडतोड झाल्यावर चालू करून उपयोग नाही.