किबाले की बुडोंगो? युगांडात चिंपांझी बघायला जाणाऱ्यांसाठी

कंपालात मराठी घरी पाहुणे आले की हा प्रश्न हमखास निघतो: चिंपांझी बघायला किबालेला जावं की बुडोंगोला? दोन्ही जंगलं मी हिंडलोय आणि दोन्हीकडे पुन्हा जायची माझी कधीही तयारी असते. पण पाहुण्यांना कुठे पाठवायचं हे माझ्यापुरतं आता ठरलंय. परमिटचा दर किंवा लॉजच्या सोयी बघून मी ते ठरवलेलं नाही. त्या गोष्टी तुम्ही एव्हाना शोधल्याच असतील.

आधी किबालेबद्दल, कारण त्याची बाजू भक्कम आहे. फोर्ट पोर्टलजवळचं हे जंगल 1932 पासून राखीव आहे आणि 1993 पासून राष्ट्रीय उद्यान. चिंपांझींची संख्या दीड हजारांच्या घरात. सकाळी कन्यांचूहून, म्हणजे पर्यटकांच्या फेऱ्या सुरू होतात त्या ठाण्यावरून, निघालात तर ते दिसतीलच, असं मी जवळजवळ छातीठोकपणे सांगतो. याच जंगलातल्या न्गोगो भागात दोनशेच्या आसपास चिंपांझींचा समूह नांदत होता, जगात माहीत असलेला सर्वांत मोठा. पुढे तो फुटला आणि त्याचे दोन समूह झाले. शिकाऱ्यांनी लावलेली फासकी शोधून काढणारं पथक इथे 1997 पासून काम करतंय. उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला 20 टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना मिळतो. जवळची बिगोडीची पाणथळ जागा तर गावकऱ्यांनीच राखली आहे. तिथे संध्याकाळ काढावी, रेड कोलोबस माकडं निवांत बघावीत. एकच संधी असेल, सोबत वयस्कर मंडळी असतील, तर किबाले निवडण्यात काहीच चूक नाही.

तरीही माझं मन तिथून उठलं ते एका खोकल्यामुळे.

उंबराच्या जातीचं एक मोठं झाड फळांनी लगडलं होतं आणि चिंपांझी त्यावर बसून खात होते. एका गटात सहाच माणसं असा नियम आहे आणि तो पाळलाही जातो. पण फळं एकाच झाडावर असली की सगळे गट त्याच झाडाखाली येणार. तसंच झालं. आमच्या शेजारच्या गटातल्या एका गृहस्थांनी फोटोसाठी मास्क हनुवटीवर ओढला होता आणि ते खोकत होते. वाटाड्याने सांगितलं की वर घ्यायचे, तो वळला की पुन्हा खाली. एक पिल्लू आईला सोडून खालच्या फांदीवर आलं होतं, आमच्याकडे टक लावून बघत होतं. त्या तासाभरात माझं लक्ष चिंपांझींवर कमी आणि त्या माणसाच्या मास्कवर जास्त होतं.

मी जरा जास्तच मनाला लावून घेतलं असं कुणाला वाटेल. पण आपल्याला साधी सर्दी देणारे विषाणू चिंपांझींचा जीव घेऊ शकतात, आणि हे याच जंगलात घडून गेलंय. 2013 मध्ये किबालेतल्याच कन्यावरा भागातल्या गटात माणसाच्या सर्दीचा एक विषाणू शिरला आणि पाच चिंपांझी दगावले. 2016 च्या अखेरीस न्गोगोत श्वसनाच्या आजाराची साथ आली, ती 25 जणांना घेऊन गेली. चिंपांझीची मादी साधारण पाच-सहा वर्षांनी एकदा विते. पंचवीस जीव भरून निघायला किती काळ लागेल याचा अंदाज करा. या दोन्ही साथी संशोधन चालणाऱ्या गटांतल्या, पर्यटकांच्या नव्हेत, हेही सांगायला हवं. तरीही मास्क आणि अंतर हे नियम मला कागदापुरते वाटत नाहीत.

बुडोंगोत मला ही धास्ती कमी वाटली. मसिंडी गावाहून मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानाकडे जाताना कनियो पबिडी लागतं, पर्यटकांना चिंपांझी दाखवतात ते तिथे. मी गेलो तेव्हा आमचाच गट होता. बराच वेळ नुसतीच चाल झाली. दुरून हाका ऐकू येत, खोडांच्या आधारमुळांवर पाय आपटल्याचे ढोलासारखे आवाज येत, पण दर्शन काही होईना. वाटेत वर बघून मान अवघडेल अशी महोगनीची झाडं होती. इंग्रजांच्या काळापासून इथे लाकडाच्या गिरण्या चालल्या, तरी एवढं शिल्लक आहे. शेवटी दिसले ते मोजकेच. त्यातल्या एका मादीचा उजवा पंजा मनगटापासून आत वळून वाळून गेला होता. फांदी ती कोपराच्या खाचेत धरायची आणि डाव्या हाताने फळं तोडायची. वाटाडी म्हणाली, फासकी.

ही फासकी चिंपांझींसाठी लावलेली नसतात. ती डुईकर नावाच्या छोट्या हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी असतात. पण बुडोंगोतल्या सोन्सो या ठिकाणी ज्या गटावर संशोधन चालतं, त्यातल्या सुमारे एक तृतीयांश चिंपांझींच्या हातापायांवर त्यांच्या खुणा आहेत. व्हर्नन रेनॉल्ड्स या संशोधकाने 1990 मध्ये सोन्सोला काम सुरू केलं, आज तिथे बुडोंगो संवर्धन केंद्र आहे. केंद्राची माणसं जंगलात फिरून फासकी काढतात. जे शिकारी शिकार सोडतात त्यांना शेळ्या देतात, आणि जुन्या शिकाऱ्यांना कामावरही घेतात, कारण फासकं कुठे लावलं असेल हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

बुडोंगो हे राष्ट्रीय उद्यान नाही, वनखात्याचं राखीव जंगल आहे. त्यामुळे किबालेइतका पैसा आणि पहारा त्याच्या वाट्याला येत नाही, असा माझा समज आहे. दक्षिणेला किन्यारा साखर कारखान्याचा ऊस थेट जंगलाच्या कडेला भिडलाय. चिंपांझी उसात शिरतात आणि शेतकरी वैतागतो. जुन्नरच्या उसात बिबट्या शिरला की गावात जे वातावरण असतं, तेच इथे.

तंबाखूचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे. तंबाखूची पानं वाळवताना बांधायला राफिया पामच्या झावळ्यांची दोरी लागते. त्यापायी बुडोंगोतले राफिया पाम जवळजवळ संपले. चिंपांझी त्यांचा कुजलेला गाभा खनिजांसाठी खात. तो मिळेना, तेव्हा ते एका पोकळ झाडात साठलेली वटवाघळांची विष्ठा खाऊ लागले. तिच्यात 27 विषाणू सापडले, त्यातला एक कोरोनाच्या कुळातला. 2024 मध्ये हे प्रसिद्ध झालं. बुडोंगोला रोगाचा धोका नाही असं म्हणूनच मी म्हणणार नाही. फक्त त्यात आपल्या खोकल्याची भर नको.

कुणी विचारलं तर मी बुडोंगो म्हणतो. चिंपांझी कमी दिसतील, कदाचित उंचावरच दिसतील, आणि एखाद्या दिवशी नुसते आवाज ऐकून परतावं लागेल. फोटोसाठीच जाणार असाल तर किबाले बरं. पण बुडोंगोला पाहुण्यांची गरज जास्त आहे. इथे येणारा प्रत्येक माणूस मसिंडीच्या लोकांना दाखवून देतो की उभ्या जंगलातूनही पोट भरतं.

जायचं ठरलं तर एक लक्षात असू द्या. सोन्सो हे संशोधनाचं ठिकाण आहे, तिथे पर्यटकांना नेत नाहीत, त्यामुळे बुकिंग कनियो पबिडीचंच करा. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा, म्हणजे पहाटेच्या हाका ऐकून वाटाड्यांना दिशा कळते तेव्हा तुम्हीही तयार असाल. घशात खवखव असेल तर सरळ मर्चिसनचा धबधबा बघून या, चिंपांझी पुढच्या खेपेला.