कुव्यातली चित्रं: जनकपूरच्या नारी विकास केंद्रात दोन दुपारी

वन्संना नेपाळमधल्या जनकपूरचं जानकी मंदिर बघायचं होतं आणि मला तिथल्या मैथिल बायकांची चित्रं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय 71, दोन्ही गुडघे बदललेले, उत्साह माझ्या दुप्पट. लोकमान्य टिळक टर्मिनसहून पवन एक्स्प्रेस थेट जयनगरपर्यंत जाते, म्हणजे बिहारच्या मधुबनी जिल्ह्याच्या अगदी टोकाला. दशम्या, लसणाची चटणी आणि वन्संची रामरक्षा यांच्या जोरावर प्रवास पार पडला.

जयनगरहून पुढे नेपाळची स्वतःची रेल्वे आहे. जुनी छोटी लाइन 2014 मध्ये बंद पडली, मग रुंद रूळ टाकून एप्रिल 2022 मध्ये नवी गाडी सुरू झाली. डब्यात बसल्यावर मला सारखं वाटत होतं, हे कुठेतरी पाहिलेलं आहे. नेपाळने हे डेमू, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या गाडीचे, संच 2020 मध्ये आपल्या कोकण रेल्वेमार्फतच घेतलेत, हे सांगितल्यावर वन्संनी खिडकीच्या गजावर थोपटलं. "माहेरची गाडी गं." त्यांचं माहेर, म्हणजे माझं सासर, चिपळूण.

मंदिराबद्दल लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलेलं आहे. पांढरं, भव्य, संध्याकाळी दिवे लागले की डोळे दिपतात, आणि वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे सगळं लिहितेय ते गावाबाहेर, विमानतळाच्या अंगाला असलेल्या कुवा गावातल्या नारी विकास केंद्राबद्दल. इंग्रजीत त्याचं नाव जनकपूर विमेन्स डेव्हलपमेंट सेंटर. मैथिल बायका तिथे बसून चित्रं काढतात, शिवतात, मातीच्या वस्तू रंगवतात, आणि ते सगळं तिथेच विकायलाही असतं.

पहिल्या दिवशी मात्र आम्ही तिथे उशिरा पोचलो, कारण ई-रिक्षावाल्याने "चित्र ना? चला" म्हणून भलत्याच दुकानात नेऊन उतरवलं. दुकानदार शपथेवर सांगत होता की सगळं हाताने काढलेलं आहे. मी 26 वर्षं डहाणू तालुक्यात शाळेत चित्रकला शिकवली आहे, तेव्हा शपथेपेक्षा रेघ बघते. रेघ कुठेच जाड-बारीक होत नव्हती. खालचं चित्र उपसून पाहिलं तर त्यातही तोच मासा, तोच डोळा, खवल्याजवळ तोच शाईचा ठिपका. छापील! वन्संनी त्याला मराठीतून दोन शब्द सुनावले. त्याला कळले असावेत.

केंद्राचं आवार शांत आहे. विटांचं बैठं बांधकाम, भिंतींवर चित्रं, आत चटयांवर बसलेल्या बायका. कुणी धावत स्वागताला आलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. संस्थांमध्ये गेलं की हार, चहा आणि माहितीपट यांत तास जातो, तसलं काही नाही. एकीने मान वर करून "आउ दीदी" म्हटलं आणि पुन्हा मान खाली घालून काम सुरू. त्या आपसात मैथिलीत बोलतात, आमच्याशी हिंदीत. माझी हिंदी डहाणूची, त्यांची जनकपूरची, मध्ये कुठेतरी गाठ पडली.

मी जिच्याजवळ बसले ती पन्नाशीची असेल. समोर लोक्ता कागद. हा नेपाळच्या डोंगराळ भागातल्या झुडपाच्या सालीपासून होतो. जरासा पिवळट, धागे दिसणारा, कडा ओबडधोबड. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. तिने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि कागदाच्या डाव्या बाजूला हत्तीची पाठ काढायला घेतली. शेपटापासून सोंडेपर्यंत एक सलग वळण, हात न उचलता. मग त्याच रेघेला खेटून आतून दुसरी रेघ, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बारीक तिरप्या काड्या. एक काडी चुकून बाहेर आली. तिने क्षणभर बघितलं आणि तिथे एक पान काढून टाकलं. वर्गात मी मुलांना खोडरबराशिवाय काढायला सांगत आले, आणि चुकलं की काय करायचं ते मला कधी नीट सांगता आलं नव्हतं.

ही मूळची भिंतीवरची आणि जमिनीवरची कला. लग्नघरात वधूवरांच्या खोलीत कोहबर काढतात, कमळाच्या पानांच्या गोल चकत्या आणि मधून आरपार गेलेला बांबू. सणाला अंगणात तांदळाच्या पिठाचं अरिपन. हे ऐकलं की आमच्या पालघर भागातल्या कुणालाही वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढतात तो चौक आठवणार. तिथेही सुवासिनी, तिथेही तांदळाचं पीठ, मधोमध पालघट देवी. आणि दोन्हींच्या मध्ये एक मराठी माणूस आहे. 1966-67च्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना काही कमाई व्हावी म्हणून त्यांच्या भिंतीवरची चित्रं कागदावर आणायचं ठरलं, तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी मुंबईच्या चित्रकार भास्कर कुलकर्णींना कागद देऊन तिथे पाठवलं होतं. पुढे वारली चित्रं शहरापुढे आणण्यातही त्यांचा मोठा वाटा. सीमेच्या अलीकडे हे झालं, पलीकडे जनकपुरात मात्र बायका भिंतीच रंगवत राहिल्या. 1989 मध्ये क्लेअर बर्कर्ट या अमेरिकन बाईने गावोगाव फिरून हे काम कागदावर सुरू केलं आणि त्यातून हे केंद्र उभं राहिलं.

एक फरक मला रात्री झोप येईना इतका टोचला. आमच्याकडे वारली चित्र बाजारात गेलं, तसं ते पुरुषांच्या हातात गेलं. माझ्याच वर्गातली मुलं आज मोठमोठ्या हॉटेलांच्या भिंती रंगवतात, चांगले पैसे मिळवतात, मला अभिमान आहे. पण चौक काढणाऱ्या त्यांच्या आया-आज्या त्या व्यवहारात कुठे आहेत? कुव्यात ब्रशही बाईच्या हातात आहे आणि त्याचे पैसेही. ज्या भागात हे चाललंय तो लक्षात घ्या. 2021च्या जनगणनेत मधेस प्रांताची साक्षरता नेपाळच्या सातही प्रांतांत सर्वांत कमी आहे. देशाची 76 टक्क्यांच्या आसपास, इथली 63-64. हुंडा आहे, कोवळ्या वयातली लग्नं आहेत. लग्नाचं कायदेशीर वय 20 आहे ते कागदावर. सुरुवातीच्या काळात बायका हनुवटीपर्यंत पदर ओढून यायच्या, आणि सुना रोज कुठे जातात म्हणून घरचे संशय घ्यायचे, असं तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं. इथे चित्रांबरोबर सही करायला, हिशेब ठेवायला शिकल्या. आरोग्य, मतदान असल्या विषयांवरची चित्रं काढायची कामंही त्यांनी केली.

दुकानाचा भाग. भिंतीवर टांगलेली आणि गठ्ठ्यात ठेवलेली चित्रं, कापडाच्या पिशव्या, अभ्रे, आरशांच्या चौकटी, रंगवलेली मातीची भांडी. मातीची भांडी मी घेतली नाहीत, कारण परतीला इतका वेळ रेल्वेत वन्संच्या बॅगेशेजारी ती टिकली नसती. किमतीचा आकडा बघून आधी दचकायला होतं, मग आठवतं की तो नेपाळी आहे. आपल्या शंभराला त्यांचे 160, म्हणजे 1.6 ने भागायचं. वन्सं पंढरपुरात बुक्क्याच्या पुडीसाठीसुद्धा घासाघीस करणाऱ्या, त्यांनी इथे एकदा "थोडा कम" म्हणून पाहिलं. मी त्यांच्या हाताला चिमटा काढला. समोर ती बाई दोन तास हत्ती काढत बसलेली दिसते आहे, कमी कशातलं करायचं?

कोहबर, हत्ती, पोपट, मासे ही चित्रं सुरेख आहेत, भेटीला द्यायला उत्तम. पण माझं ऐकाल तर गठ्ठ्याच्या तळाशी जा. तिथे बायकांनी स्वतःचं जगणं काढलेली चित्रं सापडतात. चूल, हातपंपावरची रांग, म्हशीचं दूध काढणारी, तपासणीला बसलेली गरोदर बाई. मधुबनीच्या नाजूक कामाची सवय असलेल्यांना ही जरा रांगडी वाटतील. सपाट भडक रंग, मोठाले डोळे, जागा मोकळी सोडलेली. मला हीच जास्त आवडली. एका चित्रात वर कोपऱ्यात विमान होतं, आणि त्याला नीट पिसांसारखे पंख, शेपटीला मोरपंखी नक्षी. खाली अंगणात एक बाई आणि तीन मुलं वर बघताहेत. मला वाटलं, विमानतळ जवळ आहे म्हणून काढलं असेल. विचारलं, हे कुठलं विमान?

"कतार," ती म्हणाली.

पुढे काही विचारलं नाही. या भागातल्या कितीतरी घरांतला पुरुष आखातात नाहीतर मलेशियात मजुरीला गेलेला असतो. तेच चित्र मी घेतलं. वन्संनी कमळाचं कोहबर घेतलं, नातीच्या लग्नासाठी. नात दहावीत आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. नेपाळात सुट्टीचा दिवस शनिवार, तेव्हा शनिवार टाळा. मंदिर परिसरातून ई-रिक्षा करताना "कुवा, नारी विकास केंद्र" असं स्पष्ट सांगा आणि मध्ये कुठेही उतरू नका. मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. दुपारी जा, सगळ्या कामाला बसलेल्या असतात, आणि निदान तासभर काढा. दहा मिनिटांत पिशवी घेऊन निघायचं असेल तर काठमांडूतही हस्तकलेची दुकानं आहेत. फोटो काढण्याआधी विचारा. मला एकीने "नको" म्हटलं, दुसरीने पदर सारखा करून घेतला आणि मग काढलेला फोटो तीन वेळा पुसायला लावला. आणि जनकपुरात कुणी तिलकोरचा तरुआ देऊ केला तर नाही म्हणू नका. पानांची भजीच ती, पण वरचं तांदळाच्या पिठाचं आवरण असं कुरकुरीत की वन्संनी उपासाचा दिवस पुढे ढकलला.

आता घरी आल्यावरचं. वन्संचं चित्र मी आमच्याकडच्या एका फ्रेमवाल्याकडे दिलं. नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे. चार दिवसांनी फ्रेम घेऊन आला, काच चकचकीत, पट्टी सागवानी. आणि लोक्ता कागदाच्या त्या वेड्यावाकड्या कडा त्याने चारही बाजूंनी सरळ कापून टाकल्या होत्या. "ताई, फाटका होता, मी साफ करून दिला." वरच्या बाजूचं एक कमळ अर्धं गेलं होतं.

वन्संना अजून सांगितलेलं नाही. विमानाचं चित्र मी कुणाकडे दिलंच नाही. माझ्या जुन्या शाळेतल्या ड्रॉइंग बोर्डाला दोन लाकडी चिमटे लावून स्वयंपाकघरात टांगलंय, कडांसकट. पंखा लावला की कागद खालून थोडा उचलतो.