पंधरा दिवसांत नखाची बुरशी घालवतो म्हणणाऱ्यांनी आईच्या पायाचं काय केलं

आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख तीन-चार वर्षांपासून पिवळं पडून जाड झालं होतं. नेलकटरला दाद द्यायचं नाही, कापायला गेलं की खालून पांढरा भुगा पडायचा, आणि चप्पल लागली की ठणकायचं. आमचं गाव आंदर मावळात, शेती भाताची. आवणीच्या म्हणजे भात लावणीच्या दिवसांत आई सकाळी चिखलात उतरली की अंधार पडल्यावरच बाहेर, त्यामुळे बोटांमध्ये चिखल्या दरवर्षीच्या, त्याचं कुणाला काही वाटत नाही. नखाचंही तसंच धरलं होतं आम्ही. पण आईला अकरा वर्षांपासून शुगर आहे, आणि तिथेच मी घाबरलो आणि तिथेच फसलो.

मी चाकणला कंपनीत आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नाइट शिफ्टच्या ब्रेकला मोबाईलवर एक व्हिडिओ आला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला माणूस हिंदीत सांगतोय की नखाची बुरशी १५ दिवसांत मुळापासून जाते, नाही गेली तर पैसे परत. खाली दोन फोटो, एकात पिवळं कुजलेलं नख, दुसऱ्यात तोच अंगठा एकदम गुलाबी. डाव्या पायाचा अंगठा, नखाच्या कडेला एक काळा तीळ. मी तो फोटो मोठा करून बघितला, तीळ दोन्हीत आहे म्हणजे खरंच एकाच माणसाचा आहे असं वाटलं, आणि नाव-नंबर भरून टाकला.

दहा मिनिटांत फोन. बोलणारी बाई मराठी, अगदी घरच्यासारखी, "दादा, आईंचं वय किती, शुगर किती राहते, गोळ्या कुठल्या चालू आहेत" असं सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. नखाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवला आणि दोन मिनिटांत सांगितलं की हे स्टेज थ्री आहे, शुगरच्या पेशंटला हे हाडात उतरतं, उशीर केलात तर अंगठा काढावा लागेल. आमच्या वाडीतल्या एकाचा शुगरमुळे पाय गेलेला मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे ते ऐकून माझे हातपाय गार पडले. आता विचार केला की कळतं, तिच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं, मी जे सांगितलं त्यातूनच तिने मला भीती घातली. म्हणून सांगतो, अनोळखी फोनवर आजार, गोळ्या, रिपोर्ट यातलं काहीही सांगू नका.

किट २,९९९ रुपयांचं, पैसे घरी आल्यावर द्यायचे. बॉक्समध्ये ३० मिलीची तेलाची बाटली, साठ कॅप्सूल आणि पाय बुडवून ठेवायची पावडर. तेलाला इतका उग्र वास की डोळ्यांत पाणी यायचं. कॅप्सूलबरोबरच्या कागदावर "शुगरही मुळापासून बरी" असं छापलेलं होतं. शुगर बरी करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे मला खूप नंतर कळलं. आणि डब्यावर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर नव्हता, बॅच नंबर नव्हता, नुसतं "मार्केटेड बाय" आणि एक अर्धवट पत्ता. आयुर्वेदिक औषध असलं तरी लायसन्स नंबर, बॅच, तारीख आणि आत काय घातलंय ते लेबलवर लागतंच. हे चार शब्द मी आधी वाचले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पंधरा दिवस झाले, नख पांढरं व्हायच्या ऐवजी काळपट झालं आणि बाजूची कातडी सोलायला लागली. फोन केला तर म्हणे घाण बाहेर पडतेय, औषध लागू पडल्याची खूण आहे, फक्त पॉवर वाढवावी लागेल. पॉवरचा कोर्स ६,८०० रुपये, आणि यावेळी पैसे आधी, यूपीआयवर. मी भरले. आईने मला अडवलं होतं, "बाळा, राहू दे, नखच आहे, एवढे पैसे कशाला घालतोस," आणि मीच तिला गप्प केलं.

पण पैशांचं मी विसरेन, त्यांनी पुढे जे केलं ते नाही विसरणार. दुसऱ्या कोर्सबरोबर त्यांनी परस्पर आईलाच फोन केला आणि सांगितलं की शुगरच्या गोळ्या दहा-बारा दिवस बंद ठेवा, त्या उष्ण असतात, आमचं औषध त्यामुळे मारलं जातं. आई साधी, डॉक्टर म्हणतायत म्हणून बंद केल्या आणि मला सांगितलंही नाही, पोराला उगाच काळजी नको म्हणून. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, अंगठा लाल होऊन सुजलाय, पू येतोय, अंगात ताप आहे आणि आई जेवत नाहीये. मी तसाच निघालो. तळेगावला हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा शुगर ३९२ होती. सेल्युलायटिस म्हणाले, म्हणजे कातडीखाली इन्फेक्शन पसरलेलं. पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक, इन्सुलिन, ४१ हजार बिल. घोट्याच्या वर गेलं नाही म्हणून पाय वाचला. आई पूर्ण वेळ मलाच धीर देत होती.

पाय बरा झाल्यावर तिथल्याच डॉक्टरांनी स्किनच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की नखाची बुरशी म्हणजे काय. त्या डॉक्टर बाईंनी आधी औषध लिहिलंच नाही. नखाखालचा भुगा खरवडून घेतला, त्यावर केओएच नावाचं रसायन टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात ती टेस्ट केली आणि कल्चरला पाठवलं, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून कुठली आहे ते बघतात, त्याचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. का, तर जाड पिवळी दिसणारी नखं साधारण निम्मीच बुरशीची निघतात, बाकी सोरायसिस असतो, मार लागलेला असतो, टोचणाऱ्या बुटांनी झालेलं असतं. नुसता फोटो बघून स्टेज थ्री वगैरे ठरवता येत नाही. आईची खरंच बुरशी निघाली, बहुतेकांना असते तीच, ट्रायकोफायटन रुब्रम. चिखल्यांमधूनच नखात शिरलेली. म्हणजे चिखल्यांकडे वेळच्या वेळी बघितलं असतं तर कदाचित नखापर्यंत गेलंच नसतं.

मी विचारलं किती दिवसांत जाईल. तर बाई म्हणाल्या, पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलीमीटर वाढतं. बुरशी मेली तरी खराब झालेलं नख खराबच राहतं, ते पुढे सरकत सरकत कापून जायला लागतं, पूर्ण नवीन नख यायला १२ ते १८ महिने. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ती जाहिरात आली. १५ दिवसांत तर पाऊण मिलीमीटर सुद्धा मुश्किलीने वाढणार, मग त्या फोटोतलं नख गुलाबी झालं कुठून? तेल आयुर्वेदिक असो, इंग्रजी असो की अमेरिकेहून आलेलं असो, नख वाढायचा वेग ते बदलू शकत नाही.

लिव्हरची रक्त तपासणी करून मग टर्बिनाफिन २५० ची गोळी दिली, रोज एक, बारा आठवडे. दुसरी एक गोळी असते इट्राकोनॅझोल, पण ती कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही आणि हार्ट फेल्युअर असेल तर देत नाहीत, आणि आईला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. म्हणून हे वाचून कुणी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, आपल्या चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवूनच घ्या. थोडंसंच टोक खराब असेल तर नेलपॉलिशसारखं नखावर लावायचं अमोरॉलफिनचं लॅकर देतात, ते पण महिनोन् महिने लावावं लागतं. आणि गोळ्यांनीही सगळ्यांचं शंभर टक्के जात नाही, परत होऊ शकतं, हेही बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. गॅरंटी दिली नाही. तीन महिन्यांच्या गोळ्यांचा सगळा खर्च त्या पहिल्या किटपेक्षा कमी आला.

अजून एक गोष्ट झाली. मी पैसे परत मागितले तेव्हा "रिफंड डिपार्टमेंट"मधून एकाचा फोन आला, सगळे पैसे देतो म्हणाला, फक्त एक अॅप टाका आणि स्क्रीन दाखवा. मी टाकायलाच निघालो होतो. बायको शेजारी होती, ती म्हणाली, "अहो, त्यांना पैसे द्यायचेत ना, मग आपला फोन कशाला बघायचाय?" म्हणून खातं वाचलं. त्याच दिवशी १९३० वर सायबरची तक्रार केली आणि १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला. पैसे आलेले नाहीत. भरल्या भरल्या तासाभरात १९३० ला फोन केला तर रक्कम अडवायची शक्यता जास्त असते, मी तर महिन्याने केला. डबा, पावती, व्हॉट्सअॅपचे मेसेज फेकू नका, तक्रारीला सगळं लागतं. माझं अर्धं आईने चुलीत घातलं होतं.

आता आईचं असं चालू आहे की शेतातून आली की पाय साबणाने धुवायचे, बोटांच्या मधली जागा सुक्या फडक्याने टिपायची, गमबूट रात्री उलटे करून वाळवायचे. चिखल्या दिसल्या की लगेच डॉक्टरांनी दिलेलं क्लोट्रिमॅझोल. मेडिकलवाला खाजेवर म्हणून जी स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब देतो ती अजिबात नाही, तिने खाज थांबते आणि बुरशी आतून पसरते, आमच्या गावात निम्म्या घरांत ती ट्यूब सापडेल. नेलकटर तिचं वेगळं, नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. शुगरमुळे पायाला नीट कळत नाही म्हणून रोज रात्री नात टॉर्च लावून आजीचे तळपाय बघते. गोळ्या संपून पाच महिने झाले, नख मुळाकडून अर्ध्याच्या वर स्वच्छ आलंय. पुढचं जुनं पिवळं टोक अजून आहे.

परवा तीच जाहिरात परत आली. तेलाचं नाव बदललंय, डॉक्टर बदललाय, आता किंमत १,९९९ आहे. फोटो मात्र तोच, डाव्या पायाचा अंगठा, नखाच्या कडेला काळा तीळ. तुम्हाला दिसला तर रिपोर्ट करा आणि घरात ज्यांना शुगर आहे त्यांना तो फोटो दाखवून ठेवा.