कंपायलर तयार घ्यायचा की सोर्समधून बांधायचा? बडोद्यातल्या एम्बेडेडवाल्यांसाठी तुलना

मकरपुरा जीआयडीसीत कंट्रोलर कार्डांवर काम करणारी मुलं असोत की कलाभवनात इंजिनिअरिंग शिकणारी, लिनक्सवर बस्तान बसवताना एक प्रश्न हमखास येतो: जीसीसी (सी आणि सी++ चा मोफत कंपायलर) ‘एपीटी’ने, म्हणजे सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरने, टाकू, की त्याचा सोर्स कोड उतरवून स्वतः बिल्ड करू? उत्तर आधीच देतो, म्हणजे घाईत असाल तर बाकीचं नंतर वाचता येईल. रोजच्या कामाला तयार बायनरी, म्हणजे आधीच बांधलेला कंपायलर, घ्या. सोर्समधून बांधण्याची खरी वेळ मोजक्या प्रसंगी येते, ते प्रसंग पुढे येतील. मात्र तुमचा माल ग्राहकाकडे गेलेला असेल, तर तोच कंपायलर दहा वर्षांनी पुन्हा उभा करता येईल का, हे कोणत्याही वाटेने गेलात तरी आधी बघा. बडोद्यातल्या छोट्या युनिटांमध्ये याकडे फार कमी लक्ष दिलं जातं, आणि म्हणून त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

तयार कंपायलर मिळण्याच्या वाटा

सगळ्यात सोपी वाट डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्स संचाच्या) पॅकेजची. उबुंटू २२.०४ मध्ये मूळचा जीसीसी ११ येतो, डेबियन १२ मध्ये १२ आणि उबुंटू २४.०४ मध्ये १३. पाच मिनिटांत काम होतं, सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात आणि सिस्टिमच्या लायब्ऱ्यांशी भांडण होत नाही. अडचण येते ती आवृत्तीची. सी++ मधलं स्टँडर्ड ‘फॉरमॅट’ जीसीसी १३ पासून मिळतं, ‘प्रिंट’ हेडर १४ पासून. २२.०४ वर बसून ते हवं असेल तर मूळचा कंपायलर पुरत नाही. पण म्हणून लगेच सोर्सकडे धावू नका. आधी डिस्ट्रोच्याच भांडारात दुसरी आवृत्ती आहे का बघा, २२.०४ वर जीसीसी १२ बाजूला टाकता येतो. उबुंटूच्या टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे अवजारांचा संच) टीमचा पीपीए, म्हणजे जोडून घ्यायचं वेगळं पॅकेज भांडार, त्याहून नव्या आवृत्त्या देतो. क्लँग हा दुसरा कंपायलर हवा असेल तर तो बनवणाऱ्या एलएलव्हीएम प्रकल्पाचं स्वतःचं एपीटी भांडार आहे. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने राहतात. कोणती वापरायची ते मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) पूर्ण नावानिशी लिहा, म्हणजे ‘माझ्या मशीनवर चालतं’ हा वाद उरत नाही.

मायक्रोकंट्रोलरसाठी चित्र थोडं वेगळं आहे. आर्म कॉर्टेक्स-एम चिपवर काम असेल तर उबुंटूचं क्रॉस-कंपायलर (एका मशीनवर बसून दुसऱ्या चिपसाठी कोड बनवणारा कंपायलर) पॅकेज आहे: २२.०४ मध्ये १०.३, २४.०४ मध्ये १३.२. शिवाय आर्म कंपनी स्वतः तयार टूलचेनची टारबॉल (एकत्र बांधून दाबलेली फाइल) देते. ती कुठल्याही फोल्डरमध्ये सोडवा, आतलं ‘बिन’ पाथमध्ये घाला, झालं. रूटचा (अ‍ॅडमिनचा) पासवर्ड लागत नाही, सोबत न्यूलिब (छोट्या चिपसाठीची सी लायब्ररी) आणि तिची छोटी ‘नॅनो’ आवृत्ती असते, आणि एकाच मशीनवर तीन प्रकल्पांसाठी तीन आवृत्त्या ठेवता येतात. या संचातला जीडीबी हा डीबगर कधीकधी तुमच्या सिस्टिमवर नसलेली जुनी एनकर्सेस किंवा पायथनची लायब्ररी मागतो, एवढं लक्षात ठेवा. कंपायलरला त्याचा त्रास होत नाही. माझ्या मते कॉर्टेक्स-एमवाल्यांसाठी सर्वांत उत्तम वाट हीच आहे.

विंडोजवर असाल तर एमएसवायएस-२ (विंडोजवर तयार जीसीसी देणारा संच) चं यूसीआरटी-६४ वातावरण घ्या किंवा डब्ल्यूएसएल या विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीत उबुंटू चालवा. विंडोजवर जीसीसी सोर्समधून बांधण्यात वेळ घालवू नका.

सोर्समधून बांधताना काय काय लागतं

जीसीसीची टारबॉल शंभर एमबीच्या आसपास असते, पण बिल्डसाठी निदान दहा जीबी जागा मोकळी ठेवा. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या तीन लायब्ऱ्या आधी लागतात. सोर्सच्या ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमध्ये ‘डाउनलोड प्रिरिक्विझिट्स’ नावाची स्क्रिप्ट आहे, ती चालवली की त्या योग्य जागी येऊन बसतात. मग सोर्सच्या बाहेर एक वेगळं बिल्ड फोल्डर करून तिथून कन्फिगर ही बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट चालवायची. सोर्सच्या आतच चालवलं तर पुढे गोंधळ होतो.

कन्फिगरला तीन गोष्टी नक्की सांगा. प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल कुठे व्हायचं ती जागा: ‘ऑप्ट’मध्ये किंवा आपल्या होम फोल्डरमध्ये आवृत्तीच्या नावाचं फोल्डर. थेट ‘यूएसआर’मध्ये इन्स्टॉल करून सिस्टिमचा कंपायलर कधीही झाकू नका. भाषा: सी आणि सी++ पुरे. आणि ३२-बिट प्रोग्राम बनवायचे नसतील तर मल्टिलिब (एकाच कंपायलरसोबत अनेक प्रकारच्या लायब्ऱ्या बांधणं) बंद. नाहीतर ३२-बिट लायब्ऱ्यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस नसताना कन्फिगर मध्येच थांबतं, आणि पहिल्यांदा बांधणारे बरेच जण इथेच हात टेकतात.

मग ‘मेक’. जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो: आधी तुमच्या जुन्या कंपायलरने, मग त्यातून निघालेल्या कंपायलरने, मग पुन्हा त्याने. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ऑब्जेक्ट फाइली जुळवून पाहिल्या जातात. हा बूटस्ट्रॅप म्हणजे नव्या कंपायलरची चांगली कठोर परीक्षाच आहे. चार कोअर आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्याला दोन-तीन तास सहज लागतात. मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना, हे काम रात्री लावा. दुपारी लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. बूटस्ट्रॅप बंद करून वेळ बराच वाचतो, पण रोज वापरायच्या नेटिव्ह कंपायलरसाठी मी ते करू देणार नाही. एलएलव्हीएम बांधत असाल तर रॅमची काळजी घ्या: बिल्डचा प्रकार ‘रिलीज’ ठेवा, टार्गेट फक्त लागतील तेवढी निवडा आणि एका वेळी एक-दोनच लिंक चालतील असं सीमेकला (बिल्डची मांडणी करणाऱ्या अवजाराला) सांगा. डीबग बिल्डमध्ये लिंकर (तुकडे जोडून पूर्ण प्रोग्राम करणारा) इतकी मेमरी खातो की ८ जीबीचं मशीन गुदमरतं.

क्रॉस-कंपायलर बांधायचा तर क्रम आणखी लांब: आधी बिनयूटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे), मग फक्त सीपुरता अर्धा जीसीसी, मग न्यूलिब, मग पूर्ण जीसीसी. हे हाताने करण्याऐवजी क्रॉसटूल-एनजी वापरा. मेन्यूतून निवड करायची, बाकी क्रम तो सांभाळतो. इथे मल्टिलिबकडे डोळे उघडे ठेवून बघा. कॉर्टेक्स-एम४ च्या हार्ड फ्लोटसाठीची (दशांश गणित चिपमधल्या खास युनिटवर करणारी) लायब्ररी बांधलीच नसेल तर कंपायल सुरळीत होतं आणि लिंकर ‘व्हीएफपी रजिस्टर’बद्दल तक्रार करतो. आर्मच्या तयार संचात हे सगळे प्रकार आधीच असतात. हवं असलेलं टार्गेट तयार मिळत असताना क्रॉस-कंपायलर हाताने का बांधू नये, याचं माझ्यापुरतं हे सगळ्यात मोठं कारण.

सोर्सची खरी गरज कधी

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवर रूट नाही आणि वर सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आहे, हा पहिला प्रसंग. त्यात जीसीसी ४.८.५ आणि जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ आहे. नव्या डिस्ट्रोवर तयार झालेली बायनरी तिथे ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून थांबते. सोर्समधून तिथल्या तिथे बांधलेला कंपायलर मात्र त्याच जुन्या जीलिबसीवर चालतो. यात एक पायरी आहे: जीसीसी १४ पर्यंतच्या आवृत्त्या ४.८ ने बांधता येतात, पण १५ ला सी++१४ समजणारा कंपायलर लागतो. म्हणून आधी मधली आवृत्ती बांधा, मग तिने १५.

नवा कंपायलर मिळाला की दुसरी गाठ पडते. त्याने बनवलेला सी++ प्रोग्राम चालवताना जुनी लिबएसटीडीसी++ (सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी) सापडते आणि ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ची अमुक आवृत्ती नाही असा संदेश येतो. स्वतःच्या वापरासाठी लायब्ररीचा पाथ किंवा आरपाथ (प्रोग्राममध्येच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता) पुरतो. प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा असेल तर लिबएसटीडीसी++ स्टॅटिक लिंक करा, म्हणजे प्रोग्राममध्येच घाला, डोकेदुखी तिथेच संपते.

दुसरा प्रसंग, ज्या प्रोसेसरला तयार टूलचेन नाही किंवा ज्यात तुम्ही स्वतः सूचना (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन) वाढवल्या आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ या प्रोसेसरांमुळे रिस्क-व्ही (प्रोसेसरची खुली रचना) आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हातात आलं, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. साध्या रिस्क-व्हीला तयार बायनरी मिळतात, पण स्वतःच्या नव्या सूचनेवर प्रोजेक्ट करणाऱ्याला सोर्सला पर्याय नाही. आतले सगळे जोड-प्रकल्प (सबमॉड्यूल) धरून रिस्क-व्ही टूलचेनचं सोर्स भांडार ६ जीबीहून मोठं आहे, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरू करू नका.

तिसरा, कंपायलरमधला एखादा दोष तुम्हाला अडवतोय आणि त्याचा पॅच अजून पॅकेजमध्ये आलेला नाही. आणि चौथा, शिकण्यासाठी. कलाभवनातल्या मुलांना मी हे मनापासून सांगतो: एक सुट्टी काढून जीसीसी एकदा बांधाच. हेडर कुठून येतात, लिंकर काय करतो, टार्गेट म्हणजे काय, हे पुस्तकातून जेवढं कळत नाही तेवढं एका फसलेल्या बिल्डचा लॉग नीट वाचून कळतं.

‘सोर्समधून बांधलं म्हणजे सुरक्षित’ हे कारण मी या यादीत धरत नाही. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं होतं की सोर्स स्वच्छ असला तरी तो बांधणारा कंपायलर बिघडवलेला असू शकतो. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘एक्सझेड’ या फाइली दाबण्याच्या अवजाराच्या प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार घुसवलेलं होतं, आणि ते चालू करणारी स्क्रिप्ट गिटमधल्या उघड सोर्समध्ये नव्हती, प्रकाशित टारबॉलमध्ये होती. सोर्स घ्या किंवा बायनरी, सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा आकडा) तपासूनच घ्या.

दहा वर्षांनी तोच कंपायलर

मकरपुऱ्यातल्या मशीनवर बसलेलं कार्ड दहा-पंधरा वर्षं चालतं. मग एक दिवस शेठ सांगतात, सेन्सर बदललाय, फर्मवेअरमध्ये एवढी एक ओळ बदलून द्या. जुना कोड असतो, पण त्या वेळचा कंपायलर नसतो. नव्याने टाकलेल्या जीसीसीवर तो कोड बांधायला जा आणि काय होतं बघा. जीसीसी १० पासून हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लावता लिहिलेले ग्लोबल व्हेरिएबल ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून लिंकला अडतात. १४ पासून सीमध्ये जाहीर न करता वापरलेलं फंक्शन ही नुसती वॉर्निंग राहत नाही, एरर होते. १५ मध्ये मूळची भाषाच सी२३ झाली, त्यामुळे रिकाम्या कंसाचा अर्थ बदलला आणि ‘बूल’ हा राखीव शब्द झाला. हे सगळं दिसतं तरी. न दिसणारं जास्त वाईट: ‘व्होलाटाइल’ची (ऑप्टिमायझरने हात लावू नये अशी) खूण नसलेलं रिकामं डिले लूप ऑप्टिमायझर उडवून टाकतो, किंवा कोड थोडा फुगून ३२ केबीच्या फ्लॅशमध्ये मावत नाही.

या कसोटीवर दोन्ही वाटा तोलून पाहा. डिस्ट्रोचं पॅकेज इथे सर्वांत कच्चं, कारण सिस्टिम बदलली की ते बदलतं. आर्मची टारबॉल सर्वांत भरवशाची: फाइल आणि तिचा चेकसम प्रकल्पासोबत ठेवला की काम झालं. सोर्समधून बांधलेली टूलचेनही चांगली टिकते, पण टारबॉल, पॅच आणि कन्फिगरची पूर्ण ओळ तिन्ही जपली तर. खूप जुना जीसीसी आजच्या लिनक्सवर बांधायला गेलात तर जीलिबसीतल्या बदलांमुळे अडतो. त्या काळच्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त लिनक्स वातावरणात) बांधा. त्यासाठी डॉकर वापरत असाल तर इमेज (त्या वातावरणाची प्रत) फाइल म्हणून साठवा, नुसत्या टॅगवर विसंबू नका.

तयार मिळालेला कंपायलर कसा बांधलाय हे जाणायला ‘जीसीसी’ला ‘व्ही’ पर्याय द्या. ‘कन्फिगर्ड विथ’पुढे सगळे पर्याय छापून येतात. ती ओळ प्रकल्पाच्या रीडमीमध्ये चिकटवा. आणि दुसऱ्या कुणाचं जुनं फर्मवेअर हाती आलं असेल तर त्याची ईएलएफ फाइल (लिंकरमधून निघालेली पूर्ण फाइल) शोधा. ‘रीडएल्फ’ने तिचा ‘कॉमेंट’ विभाग वाचला की कंपायलरचं नाव आणि आवृत्ती बहुधा तिथे लिहिलेली सापडते. हेक्स आणि बिन फाइलींमध्ये ही नोंद येत नाही, म्हणून रिलीज करताना ग्राहकाला हेक्स दिलीत तरी स्वतःकडे ईएलएफ ठेवा.