‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ कोर्सला पैसे भरण्याआधी हे वाचा

माणसाचा स्वभाव, तत्त्वज्ञान आणि समाज या विषयांवरचे अवघड इंग्रजी शब्द शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स मी घेतला आणि त्यात माझी चक्क फसवणूक झाली. विकणाऱ्यांचं नाव देत नाही. अशी दुकानं नाव बदलून पुन्हा उभी राहतात, पद्धत मात्र तीच असते. म्हणून पद्धतच सांगते.

सुरुवात मोफत वेबिनारने झाली. अग्रलेख, निबंध, परदेशी विद्यापीठाचा अर्ज, सगळीकडे हे शब्द लागतात, असं तो शिक्षक सांगत होता आणि ते खोटं नव्हतं. शेवटी पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली. घड्याळ शून्यावर येण्याआधी पैसे भरले तर मोठी सवलत, ‘लाइफटाइम ॲक्सेस’, सर्टिफिकेट, वर ‘पसंत न पडल्यास पूर्ण पैसे परत’. नंतर तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू!

हातात पडली ती एक लांबलचक पीडीएफ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एका शब्दात मराठी अर्थ. वाक्य नाही, संदर्भ नाही. व्हिडिओत कुणीतरी तीच यादी मोठ्याने वाचत होतं. तेही चाललं असतं, पण अर्थच चुकीचे होते. ‘ऑफिशियस’समोर ‘अधिकृत’ लिहिलेलं. प्रत्यक्षात हा शब्द न विचारता दुसऱ्याच्या कामात लुडबुड करणाऱ्या, उगाच अधिकार गाजवणाऱ्या माणसासाठी आहे. ‘इन्जेन्युअस’समोर ‘कल्पक’, पण कल्पक म्हणजे ‘इन्जीनियस’, तर ‘इन्जेन्युअस’ हा शब्द निष्कपट, भोळ्या माणसाचा. ‘कम्प्लेसंट’समोर ‘समाधानी’. आपलं सगळं उत्तम चाललंय अशा समजुतीत गाफील राहिलेल्या माणसाला कम्प्लेसंट म्हणतात, ती प्रशंसा नव्हेच. कोर्सच्या ग्रुपवर एका मुलीने विद्यापीठाच्या अर्जाचा मसुदा टाकला होता आणि त्यात स्वतःच्या स्वभावाचं वर्णन तिने याच शब्दाने केलं होतं. मी तिला खाजगीत कळवलं. ग्रुपवर लिहिलं असतं, पण तोवर मेसेज टाकण्याची सोय फक्त ॲडमिनपुरती झाली होती. मला सगळ्यात राग याचाच आला. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात, पण चुकीचा पाठ झालेला शब्द ऐन मोक्याच्या जागी दगा देतो.

तत्त्वज्ञानाच्या शब्दांची तर वाटच लावली होती. ‘स्टोइक’ म्हणजे ‘भावनाशून्य’, एवढंच. अथेन्समधल्या चित्रांनी सजलेल्या ओसरीत, स्टोआत, इ.स.पू. 300 च्या सुमारास झेनो हा तत्त्वज्ञ शिकवत असे, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखून विकारांवर ताबा ठेवायचा, ही त्या परंपरेची शिकवण. एवढं कळलं की संकटात न डगमगणाऱ्या माणसाला स्टोइक का म्हणतात ते आपोआप उमगतं. ‘मेरिटॉक्रसी’समोर ‘आदर्श समाजव्यवस्था’ होतं. गुणवत्तेनुसार स्थान देणाऱ्या व्यवस्थेसाठीचा हा शब्द लोकांच्या तोंडी आणला तो ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी, 1958 मध्ये, एका उपरोधिक पुस्तकातून. गुणवत्तेच्या नावाखाली नवा वरचा वर्ग तयार होईल, हा त्यांचा इशारा होता! आज तो चांगल्या अर्थानेही वापरतात, पण त्यावर वाद आहे हे न सांगता तो शब्द शिकवणं म्हणजे विद्यार्थ्याला निबंधात तोंडघशी पाडणं.

परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची, म्हणजे ‘जीआरईची संपूर्ण तयारी’, हाही दावा होता. सराव चाचण्या उघडल्या तर नुसते विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या. हे दोन्ही प्रश्नप्रकार त्या परीक्षेतून 2011 मध्येच काढून टाकलेत. जुन्या परीक्षेचं साहित्य नवं कव्हर घालून विकलं होतं.

पैसे परत मागितले तेव्हा अटी दाखवल्या. सात दिवसांच्या आत अर्ज हवा आणि तोवर ऐंशी टक्के व्हिडिओ पाहिलेले हवेत. व्हिडिओ मात्र रोज एकच उघडायचा. म्हणजे ती अट कुणालाच पुरी करता येऊ नये अशीच रचलेली. त्यातच ‘लाइफटाइम’ म्हणून घेतलेल्या कोर्सचे पैसे कार्डवरून पुन्हा कापले गेले, कारण पैसे भरताना ऑटो-पेचा चौकोन आधीच टिक करून ठेवला होता.

तुम्हाला असा कोर्स घ्यायचाच असेल तर आधी नमुन्याची पानं मागा. त्यातले पाच-सहा शब्द केंब्रिज किंवा मेरियम-वेबस्टरच्या मोफत ऑनलाइन कोशात ताडून बघा. नमुना द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. पैसे परत मिळण्याच्या अटी आणि व्हिडिओ किती दिवसांत उघडतात, हे लेखी घ्या. अभ्यासासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली 570 शब्दकुलांची (एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची) ‘ॲकॅडमिक वर्ड लिस्ट’ फुकट मिळते, आणि उजळणीसाठी अँकी हे ॲप संगणकावर मोफत आहे.

मी जाहिरातीचे, अटींचे आणि त्यांच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट बँकेला पाठवून चार्जबॅक, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागितला. ऑटो-पेने कापलेली रक्कम परत आली. पहिली रक्कम मी स्वतः मंजूर केली होती, म्हणून ती बँकेने नाकारली. तिच्यासाठी ग्राहक तक्रार केली आहे, निकाल अजून यायचा आहे.