लेटेक्सचा चेहरा की सुटे चेहरे?

‘द विंड इन द विलोज’ ही प्राण्यांची इंग्रजी गोष्ट मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल या स्टुडिओने १९८३ मध्ये बाहुल्या फ्रेमागणिक थोड्या थोड्या हलवून पडद्यावर आणली. आत धातूचा सांगाडा, वर लेटेक्सची, म्हणजे मऊ रबराची कातडी. ही कातडी ताणली जाते, म्हणून टोड या बेडकाची फुशारकी नुसत्या आवाजात राहत नाही, चेहऱ्यावरही दिसते. तोटा एकच, पण मोठा: दिव्यांच्या उष्णतेने लेटेक्स वाळतं आणि सतत वाकणाऱ्या ओठांच्या कडेला आधी चिरतं.

दुसरा मार्ग सुट्या कडक चेहऱ्यांचा: प्रत्येक हावभावासाठी वेगळा चेहरा, तो बदलून बसवायचा. हे चेहरे जास्त टिकतात. मात्र सेकंदाला २५ फ्रेम, एक पोझ दोन फ्रेम धरली तरी बोलताना बारा-तेरा बदल. चेहरा धरून ठेवणारी लोहचुंबकाची बैठक जरा ढिली पडली की चेहरा थरथरतो. शिवाय जोडाची रेघ लपवावी लागते. मोल आणि रॅट या प्राणी-पात्रांच्या केसाळ तोंडांवर ते फारच अवघड. तिथे लेटेक्सच हवं.